आठवी, पाचवी, दुसरी: तिघांसाठी इतिहासाचा एकच अभ्यासक्रम निवडताना

आमची तिन्ही लेकरं शाळेत न जाता घरीच शिकतात. २०२३-२४ हे वर्ष इतिहासाच्या बाबतीत काही न ठरवताच सोपं गेलं. थोरली सातवीच्या पुस्तकावर होती, मधला चौथीच्या. राज्य मंडळाच्या चौथीत शिवछत्रपती, आणि सातवीतही शिवपूर्वकाळापासून मराठ्यांच्या सत्तेपर्यंतचाच काळ. एक प्रतापगडाची गोष्ट ऐकायचा, दुसरी त्याच आठवड्यात अष्टप्रधान मंडळ वाचायची, आणि धाकटी आपसूक दोघांच्या मधे येऊन बसायची. तयारी एकदाच करावी लागायची. हा योगायोग होता हे त्या वर्षी कळलंच नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुढच्या वर्षाची पुस्तकं शेजारी-शेजारी मांडली तेव्हा कळलं. आठवीत युरोपीय व्यापाऱ्यांपासून महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीपर्यंतचा काळ. पाचवीच्या परिसर अभ्यास भाग २ मध्ये उत्क्रांती, दगडाची हत्यारं, पहिली गावं. दुसरीला इतिहास नाहीच. एका लेकराला लॉर्ड डलहौसी, दुसऱ्याला हातकुऱ्हाड, तिसरीला काहीतरी वेगळं. आठवड्याला तीन वेळा तयारी, तीन वेळा शिकवणं, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कामाचं नाही.

जूनपर्यंत चार महिने हातात होते. त्यात काय पाहिलं, काय टाकलं, कशाला किती वेळ आणि पैसा गेला, ते क्रमानं लिहितो. तुमच्या घरी दोनच लेकरं असली तरी हिशोब फारसा बदलत नाही.

फेब्रुवारी-मार्च: समोर काय होतं

पहिला पर्याय ज्याचं त्याचं इयत्तेचं पुस्तक. पुढं कधी शाळेत घालायचं ठरलं तर हा सुरक्षित वाटतो, आणि एकच लेकरू असेल तर हाच घ्यावा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. छापील हवी असतील तर आपल्याकडं मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर आणि लातूर इथं बालभारतीची भांडारं आहेत. एक गोष्ट तपासून घ्या: २०२३-२४ पासून दोन वर्षं वहीची पानं जोडलेली, चार भागांत विभागलेली पुस्तकं आली होती. जुन्या बाजारातून घेताना चारातला एकच भाग हाती लागतो आणि अर्धे धडे गायब असतात. २०२३ च्या आधीची विषयवार प्रत मिळाली तर तीच बरी. शिवाय नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं आता इयत्तेगणिक टप्प्याटप्प्यानं येताहेत, म्हणून पुस्तकाचं छपाईचं वर्ष पाहिल्याशिवाय धड्यांची यादी करायला बसू नका.

दुसरा पर्याय परदेशी होमस्कूलिंगवाल्यांचा चार वर्षांचा फेरा: प्राचीन, मध्ययुगीन, आरंभीचा आधुनिक, आधुनिक. सगळी भावंडं एका वर्षी एकाच काळात. चार वर्षांनी फेरा पुन्हा पहिल्यापासून, पण या वेळी धाकटं लेकरू मोठं झालेलं असतं म्हणून तोच काळ जास्त खोलात. ही कल्पना पटली. पुस्तकं मात्र अडचणीची निघाली. सुरुवात मेसोपोटेमिया आणि इजिप्तनं, भारताला सगळे मिळून दोन-तीन धडे, दख्खन जवळजवळ नाहीच. वर, पहिल्या वर्षाचं पुस्तक आणि कृतिपुस्तिका मागवायचं म्हटलं तरी पाच हजारांच्या पुढं.

तिसरा, एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राची पाठ्यपुस्तकं. मराठीत नाहीत. हिंदीतलं जुनं सहावीचं पुस्तक चित्रांसाठी आणि नकाशांसाठी उत्तम, पण तेही इयत्तेनुसारच. सहावीचं नवं पुस्तक त्या वर्षी सत्र सुरू होऊनही बाजारात आलेलं नव्हतं, त्यामुळं जूनच्या आधी त्याच्यावर भिस्त ठेवता येत नव्हती.

चौथा पर्याय हळूहळू तयार झाला: फेरा परदेशी पद्धतीचा, पुस्तकं आपली. इयत्ता बाजूला ठेवायची आणि काळ धरायचा. बालभारतीची पाचवी आणि सहावी एकामागं एक लावली की प्राचीन काळ होतो. सातवीत मध्ययुग, आठवीत आधुनिक, नववीत १९६१ नंतरचा भारत. पुस्तकावर छापलेला इयत्तेचा आकडा फक्त मजकूर किती अवघड आहे तेवढं सांगतो. तो काळ कुणी कधी शिकायचा हे त्यानं ठरवायचं नाही. मागच्या वर्षी योगायोगानं घडलं तेच आता ठरवून करायचं.

एप्रिल: एकाच विषयावर तीन आठवड्यांची चाचणी

अनुक्रमणिका वाचून अभ्यासक्रम निवडू नये. विषय सातवाहन ठेवला. त्यांची राजधानी पैठण जवळ असल्यानं तिघांना नाव तरी ऐकून माहीत होतं. एका आठवड्याला एक पर्याय, आठवड्याला तीन बैठका, आणि कागदावर दोनच नोंदी: तयारीला किती मिनिटं लागली, आणि तीन दिवसांनी प्रत्येकाला न विचारता काय आठवलं. 'न विचारता' हे महत्त्वाचं. प्रश्न विचारला की लेकरं अंदाजानं उत्तर देतात. नुसतं 'सातवाहनांचं काही सांग' म्हणून गप्प बसावं.

परदेशी पद्धतीची गोष्ट वाचून दाखवायची तर ती जागच्या जागी मराठीत करत जावी लागते. तिसऱ्या पानावर वाचणारा थकतो, पाचव्यावर ऐकणारे. सातवाहन त्यात नव्हतेच, म्हणून त्याच धाटणीत दोन पानं आम्ही लिहिली. तयारी १४० मिनिटं. हिंदी पुस्तकाच्या आठवड्यात तयारी ४५ मिनिटं, पण धाकटी बाहेर राहिली आणि मधला शब्दांपाशी अडत राहिला. बालभारतीची सहावी वाचून दाखवली तो आठवडा तयारीत सगळ्यांत स्वस्त, २५ मिनिटं, आणि आठवण्यात सगळ्यांत वाईट. तीन दिवसांनी धाकटीनं 'एक राणी होती' एवढंच सांगितलं.

हे का घडलं ते समजून घ्यायला हवं, कारण नाहीतर दोष पुस्तकाचा वाटतो. पाठ्यपुस्तकाचा मजकूर आटवलेला असतो. एका पानावर नावं मोजली: राजे, राण्या, घाट, बंदरं, ग्रंथ, सगळी मिळून अठरा. तेरा वर्षांचं लेकरू ते वाचू शकतं, कारण त्यातली अर्धी नावं आधी कुठंतरी ऐकलेली असतात. सात वर्षांच्या लेकराला अठराही नवी. तेव्हापासून एक माप ठरवलं: पानावर दहापेक्षा जास्त विशेषनामं असली तर ते पान वाचून दाखवायचं नाही, सांगायचं. सांगताना तीनच नावं पाटीवर लिहायची. सातवाहनांच्या पहिल्या बैठकीत प्रतिष्ठान, गौतमीपुत्र, नाणेघाट, बस. बाकीची थोरली स्वतः वाचते.

म्हणजे निवड 'कुठलं पुस्तक' अशी राहिलीच नाही. कणा बालभारतीचा, सांगणं आपलं, चित्रं आणि नकाशे जिथून मिळतील तिथून.

मे: कोणत्या वर्षापासून सुरू करायचं

या एका प्रश्नावर दोन आठवडे गेले. चार वर्षांच्या फेऱ्यात कुणीतरी गैरसोयीच्या वयात गैरसोयीच्या काळात सापडतंच. पहिल्यापासून सुरू केलं तर आधुनिक काळ २०२७-२८ मध्ये येतो आणि तोवर थोरली दहावीच्या पुढं गेलेली. आधुनिक काळापासून सुरू केलं तर सात वर्षांच्या लेकरापुढं फाळणी आणि रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना.

आधी परीक्षेकडं पाहिलं. दहावी बाहेरून देण्याचे दोन रस्ते: राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, किंवा एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय, ज्यात माध्यमिकला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. राज्य मंडळाच्या दहावीत इतिहास व राज्यशास्त्राचा लेखी पेपर ४० गुणांचा, आणि त्यातला इतिहास म्हणजे इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं, संग्रहालयं असा. राजांच्या वंशावळी नाहीत. साधनं कशी वाचायची याची सवय ज्या लेकराला लागली आहे त्याला तो सोपा जातो, मग ती सवय सातवाहनांवर लागलेली असो की १८५७ वर. या एका गोष्टीनं बराच भार उतरला.

ठरलं ते असं. फेरा पहिल्यापासून, तिघं एकत्र. थोरलीनं आठवीचं पुस्तक एकटीनं, बाजूला वाचायचं. त्यात इतिहासाचे १४ धडे. दोन आठवड्यांत एक धरला की २८ आठवडे. वर्षाचे शिकवायचे ३४ आठवडे धरले होते, म्हणजे सणवार आणि आजारपणाला सहा हातात. तुमचं मोठं लेकरू दहा-अकराच्या आत असेल तर या जोडकामाची गरज नाही.

पहिल्या वर्षाची वाटणी: अश्मयुग ते पहिली गावं ६ आठवडे, हडप्पा ५, वैदिक काळ आणि धार्मिक प्रवाह ३, महाजनपदं ३, मौर्य ५, सातवाहन ७, वाकाटक आणि अजिंठा ५. सातवाहनांना सात देताना हात आखडला होता. पण आपल्या पायाखालचा काळ तोच. महाजनपदांतही सोळांची यादी पाठ करून घेतली नाही. सोळांत अश्मक हे एकच विंध्याच्या दक्षिणेला, गोदावरीकाठी. ते पक्कं, बाकीची नकाशात. हडप्पाच्या शेवटाला दायमाबाद घेतलं, कारण प्रवरेकाठचं ते ठिकाण आपल्याला सगळ्यांत जवळचं, आणि १९७४ मध्ये तिथं सापडलेल्या काशाच्या वस्तूंतला बैलांचा रथ धाकट्या वयाला लगेच पकडतो.

खर्चही लिहून ठेवतो. चौथी ते आठवीची पाच पुस्तकं, तीन भांडारातून आणि दोन जुनी, २७० रुपये. झेरॉक्स ३१० पानं, दीड रुपयानं ४६५. चार स्पायरल बाइंडिंगचे १६०. कोरे नकाशे पन्नास, १०० रुपये. कागदाचा रोल १२०. एकूण १,११५. प्रवास वेगळा. झेरॉक्सवाल्याला नकाशांची पानं 'कागदाला बसवून' काढू नका असं आधी सांगा. प्रत्येक नकाशा वेगळ्या मापाचा छापला गेला तर खाली दिलेली पट्टीनं अंतर मोजायची कृती बाद होते. आमची बारा पानं अशी वाया गेली.

जून ते ऑगस्ट: सुरुवात आणि घसरण

१७ जून २०२४ ला सुरू केलं. आठवडा असा: सोमवारी २५ मिनिटं तिघांना मिळून सांगणं. बुधवारी ज्याचं त्याचं काम. शुक्रवारी तिघांनी एकमेकांना सांगणं, थोरलीनं शेवटी. तिनं आधी सांगितलं की बाकीचे दोघं तिचंच परत म्हणतात.

बुधवारचं काम वयानुसार इतकं वेगळं असतं की विषय एकच आहे हे बाहेरच्याला पटणार नाही. धाकटी चित्र काढते आणि तोंडी चार वाक्यं सांगते, ती आम्ही तारीख घालून लिहून घेतो. मधला धडा वाचतो, नकाशा भरतो, सहा-आठ ओळी लिहितो. थोरलीपुढं एक साधन असतं, शिलालेखाचा उतारा, नाण्याचं चित्र, प्रवाशाचं वर्णन, आणि तीन प्रश्न: हे कुणी केलं, कधी, कशासाठी.

काळाची पट्टी भिंतीवर लावायची तर मापाचा विचार कागद कापण्याआधी करा. एका शतकाला १० सेंटिमीटर धरलं की इ.स.पू. ६०० ते इ.स. २००० ही २६ शतकं २ मीटर ६० सेंटिमीटरमध्ये बसतात. साधारण एक भिंत. याच मापानं एक लाख वर्षं म्हणजे १०० मीटर. ती भिंतीवर मावत नाहीत, म्हणून गल्लीत सुतळी धरून चालत गेलो. हातकुऱ्हाडी करणारी माणसं तर गावाच्या वेशीबाहेर गेली. सगळ्या वर्षात धाकटीला काळ सगळ्यांत नीट कळला तो त्या दिवशी. त्या वयाला 'दोन हजार वर्षांपूर्वी' म्हणजे काहीच नसतं. दुसरं माप पिढ्यांचं: पिढीला २५ वर्षं धरली की दोन हजार वर्षं म्हणजे ऐंशी पिढ्या. आजीची आजी म्हणजे फक्त चार, मग ऐंशी किती दूर हे तीच बोटांवर मोजत बसते.

पट्टीवर नेमक्या दोन चुका होतात. इ.स.पू.चे आकडे उलटे जातात हे मधल्या वयाची लेकरं विसरतात आणि इ.स.पू. ३०० ला इ.स.पू. २०० च्या नंतर चिकटवतात. दोन बाजूंना दोन रंगांचा कागद लावला की चूक लगेच दिसते. आणि मधे शून्य वर्ष नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. कोपऱ्यात आणखी दोन कालगणना लिहून ठेवा. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो. आणि आपल्या भागातल्या जुन्या जमिनीच्या कागदांवर फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातली महसुली कालगणना असते, तिच्यात ५९० मिळवायचे. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. घरात आजोबांचे कागद असतील तर चौथ्या वर्षी हा आकडा सोन्यासारखा.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाहिलं तर अश्मयुगाचे सहा आठवडे आठ झाले होते. कारण साधं: तिथं हातानं करायचं खूप असतं. दगड घासणं, मातीची भांडी, धान्य दळणं. प्रत्येक कृतीला एक दुपार जाते आणि लेकरांना ती संपवायची नसते. दोन आठवडे भरून काढायला वैदिक काळ आणि महाजनपदं सहाऐवजी चार आठवड्यांत केली. सातवाहनांतून कापायचा मोह झाला होता. तो आवरला ते बरं झालं. नियम असा ठेवा की कात्री लागली तर घरापासून दूरच्या विषयाला आधी लागावी.

याच सुमारास एनसीईआरटीचं सहावीचं नवं पुस्तक मिळालं आणि थोरलीला आयता स्वाध्याय सापडला. बालभारती 'हडप्पा संस्कृती' म्हणते, नवं पुस्तक 'सिंधू-सरस्वती'. एकाच गोष्टीला दोन नावं का, कोणत्या नावामागं कोणता आधार, हे तिनं दोन आठवडे लावून लिहिलं. पुस्तकं एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून पालक घाबरतात. मोठ्या लेकराच्या बाबतीत तीच जागा सगळ्यांत जास्त कामाची.

१७ सप्टेंबर

क्रम एकदाच मोडला, आणि तो मोडावाच असं माझं मत आहे. तिघांनी १५ ऑगस्टला झेंडा पाहिलेला असतो आणि महिन्याभरानं, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, पुन्हा झेंडावंदन. का, असं धाकटीनं विचारल्यावर 'आपण अजून इसवी सनापूर्वीच आहोत' हे उत्तर होऊ शकत नाही. त्या आठवड्यात चालू विषय थांबवला आणि थोरलीला आठवीचा तेरावा धडा, स्वातंत्र्यलढ्याची परिपूर्ती, क्रम सोडून आधी दिला.

धाकटीला एवढंच: १५ ऑगस्ट १९४७ ला आपला भाग निजामाच्या राज्यात होता, म्हणून इथं स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा आलं. मधल्याला नकाशा आणि तारखा: १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा शिरल्या, १७ ला निजामानं शरणागती दिली, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. आम्ही अंबाजोगाईला राहतो, म्हणून त्याला गावाचं निजामकाळातलं नाव मोमिनाबाद हेही दिलं, आणि स्वामी रामानंद तीर्थांनी इथं शाळा चालवली हेही. थोरलीला रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतर पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे भारतीय फौजांच्या त्या कारवाईच्या, काळात मुसलमानांवर झालेले अत्याचार, दोन्ही. त्याची पाहणी करायला सुंदरलाल समिती नेमली गेली होती आणि तिचा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही, हे तिला सांगितलं. तेराव्या वर्षी हे झेपतं. दहाव्या वर्षी एकच बाजू लक्षात राहते, म्हणून मधल्यासाठी तो भाग पुढच्या फेऱ्यावर ठेवला.

तो काळ पाहिलेली माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. तुमच्या फेऱ्यात आधुनिक काळ तीन वर्षांनी येणार असला तरी त्यांचं बोलणं फोनवर आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. 'रझाकारांबद्दल सांगा' असं विचारलं तर पाठ झालेलं भाषण मिळतं. तेव्हा दाणे कुठं लपवले, कुठल्या गावाला गेलात, गाडी कुणाची होती, असं विचारावं.

ऑक्टोबर ते डिसेंबर: कुठं जायचं आणि कुठं नाही

पहिल्या वर्षाची ठिकाणं: तेर, पैठण, अजिंठा. वेरूळ नाही. आम्ही ऑक्टोबरमध्ये अजिंठ्यासोबत वेरूळही केलं, एवढं लांब आलोच आहोत म्हणून, आणि पुढं महिनाभर मधला कैलास लेणं वाकाटकांच्या नावावर टाकत होता. कैलास राष्ट्रकूटांचं, आठव्या शतकातलं. वाकाटक राजा हरिषेणाचा अजिंठा पाचव्या. मधे पट्टीवर तीस सेंटिमीटर. वेरूळ, देवगिरी, औंढा आणि गावातलं हत्तीखान्याचं लेणं हे सगळं दुसऱ्या वर्षाचं.

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. तिकीट ४० रुपये, १५ वर्षांखालच्यांना नाही. एसटीत पाच ते बारा वयाला हाफ तिकीट आणि बायकांना अर्धं, त्यामुळं पाच जणांचं कुटुंब गाडीपेक्षा एसटीनं स्वस्तात जातं. टी जंक्शनला उतरून पुढं तिथल्या बसनंच लेण्यांपर्यंत जावं लागतं, हा वेळ धरा. तीसही लेणी दाखवू नका. ९ आणि १० ही सातवाहनकाळातली, १६ आणि १७ वाकाटकांची. या चारांत दोन काळांतला फरक दिसतो. नवव्यात आधी स्तूप दाखवा, मग सतरामधली चित्रं. उलट केलं तर चित्रं पाहिल्यावर स्तूपाकडं कुणी बघत नाही. दहाव्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१९ मध्ये खांबावर कोरलेलं स्वतःचं नाव आहे. साधनं कशी बिघडतात याचा धडा तिथंच होतो.

तेरला मात्र अजिंठ्याइतकाच वेळ द्या. गावात लामतुरे संग्रहालय आहे. मणी, मृण्मूर्ती, रोमशी व्यापाराच्या खुणा. जाण्याच्या आधीच्या बुधवारी ही कृती करा. इ.स. पहिल्या शतकातलं पेरिप्लस नावाचं ग्रीक प्रवासवर्णन सांगतं की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून पैठण ते तेर मोजा: सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर. दहा दिवस, म्हणजे दिवसाला पंधरा. बैलगाडीला हे जमतं का, हे मधला शेजारच्या शेतकऱ्याला विचारून आला. थोरलीचा प्रश्न पुढचा: तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे, मग लिहिणारा स्वतः तिथं गेला होता की बंदरावर ऐकून लिहीत होता? अशी एक कृती चार धड्यांचं काम करते.

याच आठवड्यांत थोरलीला सातवाहन राजा हालाच्या गाथासप्तशतीतल्या काही गाथा दिल्या. पालकांनी आधी स्वतः वाचाव्यात, कारण त्यात शृंगार भरपूर आहे. शेतीच्या, पावसाच्या, गोदावरीच्या गाथा निवडून दहा-बारा होतात.

जानेवारी ते मार्च २०२५: कागद

परीक्षा घेतली नाही. पण फाइल ठेवली आणि ती तुम्हीही ठेवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात होमस्कूलिंगसाठी वेगळी तरतूद नाही. वयानुरूप वर्गात प्रवेशाची मात्र आहे. म्हणजे लेकरू परत शाळेत जायचं म्हटलं तर इयत्ता वयावरून ठरते. तरीही मुख्याध्यापक 'काय शिकलंय' हे विचारतातच. प्रत्येकाची वेगळी फाइल, महिन्याला चार कागद पुरे: एक नकाशा, एक लिखाण किंवा घेतलेलं तोंडी निवेदन, एक चित्र, एक वाचलेल्या पानांची यादी. प्रत्येकावर तारीख. आम्ही पहिले दोन महिने तारखा टाकल्या नाहीत आणि नंतर आठवून टाकायला एक रविवार गेला.

थोरलीसाठी दुसरी छोटी फाइल: शेवटच्या शाळेचा दाखला मूळ प्रत, आधार, फोटो. सतरा नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरताना दाखला मूळ लागतो आणि तो हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र काढण्यात वेळ जातो. दाखल्यावरचं नावाचं स्पेलिंग आणि आधारावरचं स्पेलिंग आजच शेजारी ठेवून पाहा. फरक असेल तर दुरुस्तीला फॉर्म सुटायच्या आधीचे महिने लागतात. मुदत चुकली तर विलंब शुल्क भरून काही दिवस मिळतात, पण त्या भरवशावर राहू नये.

मार्चअखेर ३४ पैकी ३२ आठवडे झाले. थोरलीचे आठवीचे १४ पैकी १२ धडे. शेवटचे दोन मे महिन्यात. दुसऱ्या वर्षासाठी सातवीचं पुस्तक पुरत नाही, कारण सहावी संपते आणि सातवी सुरू होते त्यामधल्या राष्ट्रकूट-चालुक्य-यादवांना दोन्हीकडं थोडीच जागा आहे. ती दोन-अडीच फूट पट्टी भरायला जिल्हा गॅझेटिअर आणि मराठी विश्वकोशातल्या नोंदी काढल्यात, दोन्ही फुकट. एकूण १४० पानं. या वेळी नकाशे आधी वेगळे काढले आणि झेरॉक्सवाल्याशेजारी उभं राहून मोजून घेतले.